होडीची मोटर आणि दोनशे चाळीस रुपयांचा फ्यूज

आमच्या हाऊसने गेल्या वर्षी शाळेच्या तळ्यातल्या दहा फुटी जुन्या फायबरच्या होडीला बॅटरीवर चालणारी मोटर बसवली. हॉबी क्लबच्या प्रदर्शनात ती होडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. पण प्रदर्शनात दिसली ती आमची दुसरी होडी. पहिली, म्हणजे त्याच होडीतले पहिले वायरिंग, तळ्याच्या मधोमध जळाले होते. त्या पहिल्या प्रयत्नाचा म्होरक्या मी होतो. पुढच्या तुकडीने हीच चूक करू नये म्हणून आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी मला हा लेख लिहायला सांगितला. कमी पैशांत योग्य भाग कसे निवडायचे आणि कुठे मुळीच काटकसर करायची नाही, या दोन्ही गोष्टी मी क्रमाने सांगणार आहे. दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम यायला हवा, एवढीच अट आहे.

विजेची होडी नवी नाही

विजेवर चालणारी होडी ही कल्पना आजची नाही. जर्मन-रशियन शास्त्रज्ञ मोरित्झ याकोबी यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर बॅटरीच्या मोटरने माणसे भरलेली होडी चालवून दाखवली होती. आपल्या देशात केरळमध्ये जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट वैकोम ते तवणक्कडवू या मार्गावर चालते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नौदलात दाखल झालेली, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस कलवरी ही पाणबुडीसुद्धा पाण्याखाली बॅटरीवरच चालते. म्हणजे आपल्यापैकी जो उद्या नौदलात जाईल, त्याला बॅटरी, वायर आणि फ्यूज यांच्याशी गाठ पडणारच आहे.

आधी मोटर : किती मोठी हवी?

सगळ्यांची पहिली चूक इथेच होते. प्रत्येकाला मोठी मोटर हवी असते. आमच्या मीटिंगमध्येही ई-रिक्षाची ४८ व्होल्टची मोटर आणावी असा प्रस्ताव आला होता आणि त्याला टाळ्याही पडल्या होत्या.

पण आपल्या होडीसारखी होडी पाणी कापत जाते, स्पीडबोटीसारखी पाण्यावर उचलली जात नाही. अशा होडीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे. उत्तर नॉटमध्ये येते. आपल्या होडीची पाण्यावरची लांबी सुमारे ९ फूट आहे. ९ चे वर्गमूळ ३, म्हणून मर्यादा साधारण ४ नॉट, म्हणजे ताशी ७.४ किलोमीटर. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि कितीही ताकद ओतली तरी वेग फारसा वाढत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पाण्यात वेग वाढवायचा तर लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. उलट पाहिले तर वेग निम्मा केला की शक्ती आठव्या भागावर येते. म्हणून स्वस्त होडीचा पहिला नियम असा, की हळू जा. मोटर लहान घेतली की बॅटरी लहान लागते, वायर पातळ चालते, कंट्रोलर स्वस्त मिळतो. पुढचा सगळा खर्च मोटरच्या अँपिअरवर ठरतो.

आम्हाला एका माजी विद्यार्थ्याने मासेमारीच्या होडीला लावतात तशी १२ व्होल्टची जुनी ट्रोलिंग मोटर दिली. तिच्यावर ३० पाउंड थ्रस्ट असे लिहिले आहे. या मोटरींचा ढोबळ हिशेब असा, की दर पाउंडामागे पूर्ण वेगात साधारण एक अँपिअर. म्हणजे आपली मोटर जास्तीत जास्त ३० अँपिअर घेणार. शक्ती = व्होल्टेज × करंट, म्हणून १२ × ३० = ३६० वॅट. हा ३० चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवा. बाकी सगळे भाग यावरून निवडायचे आहेत.

पहिला प्रयत्न

आमचे बजेट अठरा हजार रुपये होते. बॅटरीसाठी पैसे वाचवायचे म्हणून पहिल्या चाचणीला आम्ही इन्व्हर्टरची जुनी लेड-ॲसिड बॅटरी मागून आणली. ती उचलायला दोघे जण लागले. वायर गावातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून घेतली. मी ‘अडीच एमएम’ मागितली, कारण घरी १६ अँपिअरच्या सॉकेटला वडिलांनी तीच घातलेली मी पाहिली होती. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक दुसऱ्याच्या निम्म्या किमतीत होता. मी निम्म्या किमतीचा घेतला आणि स्वतःवर खूश झालो. वायरच्या टोकांना लग लावले ते क्रिम्पिंगच्या हत्याराने नाही, तर साध्या पक्कडीने दाबून.

फ्यूज आणि त्याचा होल्डर यांची किंमत दोनशे चाळीस रुपये होती. तो यादीत होता. पण होडीला हाऊसच्या रंगाचा पट्टा आणि चिन्ह रंगवायला सहाशे रुपये लागणार होते, आणि प्रदर्शन जवळ आले होते. मी फ्यूजपुढे ‘नंतर’ असे लिहिले.

रविवारी दुपारी चाचणी होती. होडीत मी, माझा एक वर्गमित्र आणि सातवीतला एक ज्युनिअर असे तिघे होतो. तिघांच्याही अंगात लाईफ जॅकेट होते आणि होडीत दोन वल्ही होती. ही दोन्ही आमची हुशारी नव्हती. त्याशिवाय उस्तादांनी होडी सोडूच दिली नसती. ज्युनिअर मागे बॅटरीजवळ बसला होता. होडी निघाली तेव्हा काठावर सगळ्यांनी आरोळी ठोकली.

अकराव्या मिनिटाला ज्युनिअर म्हणाला, “भैया, वास येतोय.” मी म्हटले, मोटर नवीन जोडली आहे, येणारच. मग बॅटरीच्या लगापाशी वायरचे प्लास्टिक वितळून धूर निघू लागला. बंद करायला स्वतंत्र स्विच नव्हता. मी मोटरचा दांडा शून्यावर आणेपर्यंत त्याने वायर ओढून काढायला हात घातला. लग तापलेला होता. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले. तो ओरडला नाही, नुसता हात पाण्यात धरून बसला. आम्ही वल्ही मारत काठाला आलो.

एमआय रूममध्ये त्याला पट्टी बांधून होईपर्यंत उस्ताद बाहेर उभे होते. मग त्यांनी मला होडीपाशी नेले आणि विचारले, “फ्यूज कुठे आहे?”

मी म्हटले, “उस्ताद, बजेटमध्ये बसला नाही.”

“कितीला होता?”

“दोनशे चाळीस.”

त्यांनी होडीवरचा नवा रंगाचा पट्टा पाहिला आणि काही न बोलता निघून गेले. शिक्षा झाली असती तर बरे वाटले असते.

काय चुकले : मोजून पाहू

पुढच्या आठवड्यात सरांनी आम्हाला ते वायरिंग फेकू दिले नाही. जळालेले टोक कापून, तशाच पद्धतीने नवा लग दाबून, मोटर पाण्याच्या पिंपात बुडवून आम्ही ती पुन्हा एक-एक मिनिट चालवली, सर शेजारी उभे असताना. करंट मोजायला शाळेच्या इलेक्ट्रिशियनचा क्लॅम्प मीटर आणला तर तो शून्य दाखवू लागला. बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात. बॅटरीचा करंट डीसी असतो. म्हणून मग आम्ही शंटचा डिजिटल मीटर घेतला. शंट म्हणजे अगदी कमी रोधाची पट्टी. आमच्या शंटवर ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्ट असे छापले आहे. म्हणजे ५० अँपिअर वाहिले की तिच्या दोन टोकांत ७५ मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि मीटर त्यावरून करंट सांगतो.

आकडे असे आले. बॅटरीच्या टोकांवर १२.१ व्होल्ट, मोटरच्या टोकांवर ९.६ व्होल्ट, करंट २७ अँपिअर. मधले २.५ व्होल्ट वायर आणि जोडांनी खाल्ले. २.५ × २७ म्हणजे सुमारे ६७ वॅट. एवढी उष्णता आम्ही होडीत, ज्युनिअरच्या पायापाशी, फुकट तयार करत होतो.

आता कारणे.

पहिले, वायर पातळ होती. घरात १६ अँपिअरला जी वायर चालते, तिच्यातून आम्ही जवळपास दुप्पट करंट नेला. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट.

दुसरे, ती वायर तांब्याची नव्हतीच. टोक ब्लेडने खरवडले तर वरचा तांबूस थर निघाला आणि आतून पांढरी चकाकी दिसली. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. अशा वायरचा रोध तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या दीडपट तरी असतो. ओळखायची आणखी एक खूण म्हणजे वजन. तांब्याची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त आहे, म्हणून अशी वायर हाताला हलकी लागते. चुंबकाने मात्र कळत नाही, कारण दोन्ही धातू चुंबकाला चिकटत नाहीत.

तिसरे आणि सर्वांत वाईट, लग. पक्कडीने दाबलेल्या लगात तारा पूर्ण आवळल्या जात नाहीत. समजा एका जोडाचा रोध फक्त ०.०३ ओहम आहे. साध्या मल्टिमीटरला तो दिसणारही नाही. पण २७ अँपिअरला त्यात २७ × २७ × ०.०३ म्हणजे जवळजवळ २२ वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. प्रयोगशाळेतली सोल्डरिंगची लहान कावी २५ वॅटची असते. ज्युनिअरने ज्याला हात लावला ती जवळपास तापलेली कावीच होती.

वायर कशी निवडायची

वायरचा रोध काढायला तांब्याची रोधता वापरायची. सोप्या एककात सांगायचे तर १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १ मीटर तांब्याच्या वायरचा रोध ०.०१७२ ओहम. याला लांबीने गुणायचे आणि क्षेत्रफळाने भागायचे.

इथे एक चूक सगळे करतात. बॅटरी ते मोटर अंतर ३ मीटर असेल तर लांबी ६ मीटर धरायची, कारण करंट जातो तसा परतही येतो. आता ३० अँपिअरसाठी शुद्ध तांब्याचा हिशेब पाहा.

२.५ चौरस मिमी : रोध ०.०४१ ओहम, व्होल्टेज घट १.२४ व्होल्ट, वाया ३७ वॅट.

६ चौरस मिमी : रोध ०.०१७ ओहम, घट ०.५२ व्होल्ट, वाया १५ वॅट.

१० चौरस मिमी : रोध ०.०१० ओहम, घट ०.३१ व्होल्ट, वाया ९ वॅट.

आम्ही ठरवले की घट तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६ व्होल्टच्या आत ठेवायची. म्हणून १० चौरस मिमी. ती महाग वाटते, पण लक्षात घ्या, आम्ही सहाच मीटर घेतली. बॅटरी मोटरच्या आणखी जवळ ठेवता आली असती तर पातळ वायरही चालली असती. जागा बदलणे फुकट असते.

व्होल्टेज वाढवणे हा दुसरा उपाय. तेच ३६० वॅट २४ व्होल्टला घेतले तर करंट १५ अँपिअर होतो आणि त्याच वायरमधली उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. पण त्यासाठी मोटर २४ व्होल्टची हवी. १२ व्होल्टच्या मोटरला २४ व्होल्ट देणे म्हणजे मोटर जाळणे.

वायर नेहमी अनेक बारीक तारांची, लवचीक घ्यावी. एकाच जाड तारेची वायर होडीच्या हादऱ्यांनी वाकून वाकून तुटते. ज्यांच्या घरी समुद्रावर किंवा खाडीत होडी आहे त्यांनी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्यावी. माझे आजोळ कोकणात खाडीकाठी आहे. खाऱ्या हवेत साध्या तांब्यावर हिरवा गंज वायरच्या आत कसा शिरत जातो ते मी तिथे पाहिले आहे. आपले तळे गोड्या पाण्याचे आहे, त्यामुळे आपल्याला तो खर्च करावा लागला नाही.

फ्यूज : कोणासाठी आणि किती?

मला आधी वाटायचे की फ्यूज मोटर वाचवतो. तसे नाही. फ्यूज वायर वाचवतो, आणि वायरजवळ बसलेल्या माणसाला.

चालू मोटर स्वतःही थोडी जनित्रासारखी वागते आणि उलट दिशेने व्होल्टेज तयार करते. म्हणून करंट मर्यादेत राहतो. पण प्रोपेलरमध्ये शेवाळ किंवा दोरी अडकून मोटर थांबली की ते उलट व्होल्टेज शून्य होते आणि उरतो फक्त रोध. समजा मोटर आणि वायर मिळून ०.१५ ओहम आहे. १२ ÷ ०.१५ = ८० अँपिअर. वायरची साल कापली जाऊन दोन टोके थेट भिडली तर करंट शेकड्यांत जातो.

फ्यूजचा आकडा मोटरच्या पूर्ण करंटपेक्षा जास्त आणि वायर सुरक्षितपणे नेऊ शकते त्यापेक्षा कमी असावा. आपली मोटर ३०, म्हणून फ्यूज ४०, आणि १० चौरस मिमी वायरला ४० अँपिअर सहज पेलतात. पहिल्या होडीत ४० चा फ्यूज असता, तरी सदोष जोड तापलाच असता, कारण करंट फक्त २७ होता. हे सरांनी मला मुद्दाम दाखवून दिले. त्या अडीच एमएमच्या वायरला शोभेल असा १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज लावला असता, तर तो सुरुवातीलाच उडाला असता आणि ही वायर या मोटरसाठी नाही हे आम्हाला काठावरच कळले असते. फ्यूज वायरकडे बघून निवडायचा, तो असा.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला शक्य तितका जवळ हवा. अमेरिकेत बोटींसाठी जे मानक वापरतात त्यात सात इंचांचे अंतर सांगितले आहे. फ्यूजच्या अलीकडच्या वायरला कोणीच रक्षक नसतो, म्हणून ती लांबी कमीत कमी ठेवायची.

पैसे वाचवायचे तर मोटारगाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा. गाडीतले पात्यांचे फ्यूज डीसीसाठीच असतात, त्यांच्यावर ३२ व्होल्ट लिहिलेले असते आणि ते स्वस्त मिळतात. घरातला एसीचा एमसीबी मात्र वापरू नका. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची असते, म्हणजे करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो आणि संपर्क उघडताना पडलेली ठिणगी त्या क्षणी विझते. डीसी शून्यातून जातच नाही, त्यामुळे ठिणगी पेटतीच राहू शकते.

फ्यूजच्या पुढे एक हाताने फिरवायचा कटऑफ स्विच लावा. तो चालवणाऱ्याचा हात पोहोचेल तिथे असावा. आमच्याकडे तो असता तर त्या मुलाला वायर ओढायची गरजच पडली नसती.

बॅटरी : स्वस्त कोणती?

दुकानात स्वस्त आणि वापरात स्वस्त हे वेगळे असते. आम्ही दोन बॅटऱ्यांचा हिशेब मांडला.

लेड-ॲसिड, १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास. आम्हाला सांगितलेली किंमत साडेनऊ हजार. एकूण ऊर्जा १२०० वॅट-तास, पण आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरायची, म्हणजे ६०० वॅट-तास. वजन तीस किलोच्या आसपास. शिवाय तिच्यावरचे अँपिअर-तास दहा किंवा वीस तासांत सावकाश वापरल्यावर मिळणारे असतात. ३० अँपिअरने ओढली तर त्याहून कमी मिळतात.

लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तास. किंमत बारा हजार. ऊर्जा ६४० वॅट-तास, त्यातली ८० टक्के वापरली तर ५१२. वजन सहा किलो.

आता लेड-ॲसिडच्या अशा चारशे आणि लिथियमच्या दोन हजार फेऱ्या धरल्या, तर वापरलेल्या दर युनिटमागे (१००० वॅट-तास) बॅटरीचा खर्च पहिल्यात सुमारे ४० रुपये आणि दुसऱ्यात सुमारे १२ रुपये पडतो. आम्ही दुसरी घेतली. एका कॅडेटइतके वजन होडीतून उतरले, त्यामुळे होडी पाण्यात वर आली आणि करंटही कमी लागू लागला.

ती घेताना आतल्या बीएमएसचा सलग करंट किती आहे ते विचारा. तो मोटरपेक्षा जास्त हवा. आमचा ५० अँपिअरचा आहे. तिला चार्जर १४.६ व्होल्टचा, तिच्यासाठीच बनवलेला लागतो. जुन्या लॅपटॉपचे सेल जमवून बॅटरी बनवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो टाळा. कोणता सेल किती थकला आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि पाण्यावर आग लागली तर पळायला जागा नसते. गाडीची बॅटरीही या कामाची नाही. ती काही सेकंद मोठा करंट देऊन इंजिन सुरू करण्यासाठी असते, तासन्‌तास रिकामी होण्यासाठी नाही.

कंट्रोलर

आपल्या मोटरला पाच गती आहेत. जुन्या पद्धतीत खालच्या गतीसाठी मालिकेत रोधाचे वेटोळे जोडले जाते. वेग कमी होतो, पण उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. पीडब्ल्यूएम कंट्रोलर करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि चालू राहण्याचा वेळ कमी-जास्त करून वेग बदलतो. त्यात फारच थोडी ऊर्जा वाया जाते. निवडताना वर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. काडेपेटीएवढ्या पट्टीवर ‘६० अँपिअर’ लिहिलेले असते, पण उष्णता घालवायला ॲल्युमिनियमचा तुकडाही नसतो. छापील आकडा मोटरच्या दुप्पट आणि हीटसिंक जाड, अशी आमची कसोटी होती. तो पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर, झाकलेल्या डब्यात ठेवा.

हिशेब आणि निकाल

आमचा शेवटचा खर्च असा झाला : बॅटरी १२,०००, चार्जर १,८००, कंट्रोलर १,२००, वायर १,१००, शंटचा मीटर ९००, कटऑफ स्विच ३५०, फ्यूज व होल्डर २४०, लग व आवरणनळ्या २००. एकूण १७,७९० रुपये. क्रिम्पिंगचे हत्यार विकत घेतले नाही. शाळेच्या एमटी सेक्शनमधून तासाभरासाठी मागून आणले.

दुसऱ्या चाचणीत पूर्ण वेगात ३० अँपिअर आणि ताशी साडेपाच किलोमीटर, तर सावकाश चालवल्यावर १० अँपिअर आणि ताशी साडेतीन किलोमीटर असे आकडे आले. बॅटरीचे ८० टक्के म्हणजे ४० अँपिअर-तास. पूर्ण वेगात सव्वा ते दीड तास आणि सात किलोमीटर. सावकाश चार तास आणि चौदा किलोमीटर. हळू जाऊन अंतर दुप्पट मिळाले.

पाण्यात सोडण्यापूर्वी

१. प्रत्येक लग हाताने जोरात ओढून पाहा. निघाला तर तो पाण्यात निघण्यापेक्षा बरे.

२. काठावर, पिंपात, पंधरा मिनिटे पूर्ण वेगात चालवा. मग बंद करून, कटऑफ उघडून, प्रत्येक जोडाजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहा. कोमट चालेल, गरम चालणार नाही.

३. मोटरच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजा. घट तीन टक्क्यांहून जास्त असेल तर कारण शोधा.

४. बॅटरी पट्ट्याने बांधा आणि तिची टोके झाका.

५. लाईफ जॅकेट, दोन वल्ही आणि काठावर एक मोठे माणूस. हे यादीत शेवटी आहे, पण आम्हाला यानेच वाचवले.

दुसऱ्या चाचणीच्या आदल्या दिवशी मी त्या ज्युनिअरकडे जाऊन विचारले, की येशील का. त्याच्या बोटांवरची कातडी तेव्हा नवीन, गुलाबी होती. तो म्हणाला, “भैया, आधी फ्यूज दाखवा.” मी दाखवला. त्याने होल्डर उघडून ४० चा आकडा स्वतः वाचला, लग ओढून पाहिले, कटऑफ दोनदा फिरवून पाहिला आणि मगच जॅकेट घातले. आता या वर्षी क्लबची ही यादी वाचून दाखवायचे काम त्याच्याकडे आहे. तो होय म्हणाल्याशिवाय होडी सुटत नाही, मीही त्यात बसलेलो असलो तरी.